पश्चिमेचा म्हणजे कुठला

जेवणाच्या हॉलमध्ये, हात धुवायच्या बेसिनच्या वर, एक मोठं चित्र टांगलेलं होतं. आता तिथे नुसता खिळा आहे. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसते, आणि का बसते ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान चिडता तरी आलं असतं.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. इथे, निवृत्त लोकांच्या या निवासात, सगळे मला भूगोलबाई म्हणतात. स्वभाव तिखट आहे, ते मलाही मान्य आहे. नकाशाच्या कोपऱ्यात दिशा न दाखवणाऱ्या पोराचा कागद मी न तपासता परत करायची. आया भांडायला यायच्या, त्यांनाही परत पाठवायची. आणि अशा मला एक बाण उलटा काढलेला ढळढळीत दिसला, आणि मी गप्प बसले. गप्प तरी कुठली, टाळ्या वाजवल्या मी!

नीट पहिल्यापासून सांगते.

माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, इमारतींमधल्या वाऱ्याचा अभ्यास करतो. असाही धंदा असतो हे मला त्याच्यामुळेच कळलं. भाऊ-भावजय नोकरीपायी सारखी फिरतीवर, त्यामुळे पोरगं माझ्याकडे वाढलं. शर्टाची वरची गुंडी चावत अभ्यास करायची सवय होती, म्हणून मी त्याला गुंड्या म्हणते. अजून म्हणते. चारचौघांत म्हटलं की त्याचे कान लाल होतात, पण 'आत्या, नको ना' असं काही तो म्हणत नाही. मला स्वतःचं मूलबाळ नाही. जे काही आहे ते हेच.

ही इमारत बांधायची ठरली तेव्हा मीच सेक्रेटरींच्या मागे लागले. चारी बाजूंनी खोल्या आणि मधे उघडा चौक, एवढं पक्कं होतं. प्रश्न होता तो स्वयंपाकघर कुठल्या अंगाला ठेवायचं, राहायच्या खोल्या कुठल्या अंगाला, आणि चौकात वारा खेळता राहावा म्हणून खिडक्या-झरोके कसे काढायचे. वीज गेली, पंखे बंद पडले, तरी म्हातारी माणसं घुसमटता कामा नयेत, एवढंच मागणं. "माझा भाचा बघेल की," मी म्हटलं. "तो हेच तर करतो!"

गुंड्या आला तो बुटांचं रिकामं खोकं घेऊन. झाकणाला मधोमध चौकोनी भोक, म्हणजे चौक. बाजूंना कात्रीने कापलेल्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीला चिकटवलेला दोऱ्याचा तुकडा. समितीसमोर ते टेबलावर ठेवून त्याने पंखा सुरू केला.

"वारा ज्या भिंतीवर येऊन आपटतो, तिला तो रेटतो," तो म्हणाला. "आणि पाठीमागच्या भिंतीला ओढतो. एकीकडून रेटा, दुसरीकडून ओढ. मधे चौक मोकळा असला की हवा आपोआप आरपार जाते. बघा दोरे."

दोरे खरोखरच आडवे झाले होते. एका अंगाचे आत, दुसऱ्या अंगाचे बाहेर.

"आता हेच मी कॉम्प्युटरवर करणार. इमारतीच्या आतली-बाहेरची सगळी हवा बारीक बारीक तुकड्यांत कापायची. एका बाजूने वारा सोडायचा. मग प्रत्येक तुकड्याला विचारायचं, बाबा रे, तू कुणीकडे निघालास, आणि किती जोरात? असे लाखो तुकडे. मशीनला कित्येक तास लागतात. पण वीट रचायच्या आधी आपल्याला कळतं, कुठल्या खोलीत हवा येईल आणि कुठे कोंडेल."

"आणि मशीन चुकलं तर?" एका सभासदाने विचारलं.

"मशीन चुकत नाही," गुंड्या हसून म्हणाला. "आपण त्याला जे सांगतो ते चुकू शकतं."

सेक्रेटरी माझ्याकडे झुकून म्हणाले, "बाई, भाचा अगदी तुमच्यासारखा शिकवतो हो." मी ऐकू न आल्यासारखं दाखवलं, आणि घरी गेल्यावर ते वाक्य भावजयीला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. मग भावाला फोन द्यायला लावून पुन्हा सांगितलं.

काही दिवसांनी गुंड्याचा फोन आला. मी कपडे वाळत घालत होते, खांदा आणि कानाच्या मधे फोन धरून.

"आत्या, तुमच्याकडे गरमीच्या दिवसांत वारा कुठला असतो गं? हवामान केंद्र लांब आहे, मधे डोंगर. त्यांचे आकडे इथे लागू पडायचे नाहीत."

"पश्चिमेचा," मी म्हटलं. "दुपार टळली की सुटतो. पक्का पश्चिमेचा."

"नक्की ना?"

"अरे, कुणाला विचारतोयस तू?"

"चुकलं, बाई," तो वर्गातल्या आवाजात म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. तेवढंच बोलणं झालं. हातातला टॉवेल वाऱ्याने माझ्या तोंडावर येत होता, तो मी बाजूला करत होते, हेही मला आठवतं.

इमारत उभी राहिली. उद्घाटन थंडीत झालं, त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. हॉलमध्ये त्या चित्रावर पडदा टाकला होता, आणि पडदा ओढायचा मान मला. नवी चप्पल चावत होती तरी मी ताठ चालत गेले. पडदा ओढला.

फार सुंदर चित्र होतं हो. वरून दिसणारी इमारत, मधे चौक, आणि निळे बाण. निळे बाण उजवीकडून येत होते, राहायच्या खोल्यांमधून आत शिरत होते, चौकात वळसा घेऊन डावीकडच्या स्वयंपाकघरात जात होते, आणि तिथे तापून तांबूस होऊन मागच्या दाराने बाहेर पडत होते. कोपऱ्यात उत्तर दिशा व्यवस्थित दाखवलेली. ती माझी शिकवण. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पश्चिमेचा वारा'.

आणि बाण जात होते पश्चिमेकडे.

ज्या दिशेकडून येतो, त्या दिशेचा वारा. पाचवीतल्या पोराला येतं हे. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. बाण डावीकडून उजवीकडे हवे होते, स्वयंपाकघराकडून आमच्या खोल्यांकडे. म्हणजे मग स्वयंपाकघर नेमकं चुकीच्या अंगाला बांधलं होतं. हे सगळं मला पडद्याची दोरी हातात असतानाच कळलं.

गुंड्या शेजारी येऊन उभा राहिला. कान लाल. "कसं झालंय, आत्या?"

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "शाब्बास."

मग टाळ्या सुरू झाल्या, त्यात मीही.

त्या रात्री मी मनाची समजूत घातली, की नुसतं चित्र उलटं छापलं असेल, आतला हिशेब बरोबर असेल. स्वतःला फसवायला असलं काहीतरी पुरतं. त्याला बाजूला घेऊन 'एवढं जरा बघ रे' म्हटलं असतं तर त्याने तिथल्या तिथे बघितलं असतं. शेगड्या अजून बसल्या नव्हत्या, खोल्यांत कोणी राहायला आलं नव्हतं. पूर्वेचं पश्चिमेला आणि पश्चिमेचं पूर्वेला करणं तेव्हा जमलं असतं. पण सेक्रेटरी त्याच्या पाठीवर थाप मारत होते, लोक मला 'नशीबवान हो बाई' म्हणत होते, आणि मला ते ऐकायचं होतं. दुसरं काही कारण नाही. ते सगळं मला हवंहवंसं वाटत होतं.

पूर्वेच्या अंगाची सगळ्यात चांगली खोली मला मिळाली. इंजिनिअरची आत्या ना मी! शेजारच्या खोलीत एक निवृत्त नर्स राहते, तिला आम्ही सिस्टर म्हणतो. सिस्टरला दमा आहे आणि जीभ माझ्यापेक्षाही लांब. स्वयंपाक बघायला एक बाई ठेवली, तिला सगळे वहिनी म्हणू लागले. वहिनीला नोकरीबरोबर स्वयंपाकघरामागची एक खोली मिळाली, आणि ती खोली मिळाली म्हणूनच ती आली. आधी कुणा नातेवाइकाकडे अडगळीत राहत होती. "बाई, स्वतःची कडी असलेलं दार पहिल्यांदा मिळालंय मला," असं ती मला आल्या दिवशीच म्हणाली होती.

थंडी सरली आणि वारा सुटला. पश्चिमेचा, पक्का. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत शिरायचा, शेगडीवरचा सगळा धूर उचलायचा, वाढपाच्या खिडकीतून चौकात आणायचा, आणि चौक ओलांडून थेट आमच्या खोल्यांत. रात्रीच्या जेवणासाठी वहिनीने कढईत मिरची टाकली की अख्खी पूर्व बाजू ठसकायला लागायची. सिस्टर धापा टाकत भिंतीवर थाप मारायची. "भूगोलबाई! आला गं तुझ्या भाच्याचा वारा! खिडकी लाव!"

लोक हसायचे. मी हसायची नाही. लोकांचं हसणं गुंड्यापर्यंत पोचायच्या आत मला दुसरं कारण हवं होतं, आणि ते मला सापडलं.

"वहिनीचं कामच तसं," मी जेवणाच्या टेबलावर म्हणायला लागले. "तेल जाळते नुसती. झाकण म्हणून ठेवत नाही."

मग एक दिवस मी स्वतः स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी, हे मागचं दार बंद ठेवत जा."

वहिनी कणीक मळत होती. "अहो बाई, या दारातनंच जरा वारं लागतं अंगाला. बंद केलं तर भाजीबरोबर मीही शिजेन की!"

"उघडं राहिलं की धूर आमच्याकडे ढकलला जातो."

"पण इथे बघा ना काय लिहिलंय." दारावर गुंड्याने पाटी लावलेली होती: स्वयंपाकाच्या वेळी हे दार उघडे ठेवावे. त्याच्या चित्रात धूर त्याच दाराने बाहेर जात होता ना! "साहेबांनी लावलीय पाटी. त्यांना काय सांगू मी?"

"साहेब माझा भाचा आहे," मी म्हटलं. "मी सांगतेय ना? लाव दार."

तिने लावलं. वारा कुठून येतो हे त्या अख्ख्या इमारतीत मला एकटीला नीट माहीत होतं, आणि ते ज्ञान मी एवढ्याच कामाला वापरलं.

आमच्याकडचा धूर कमी झाला. संपला नाही, कोंडलेला वास जेवणाच्या वेळी वाढपाच्या खिडकीतून हळूहळू यायचाच, आणि सिस्टरची छाती भरायचीच, पण ठसके कमी झाले. स्वयंपाकघराची मात्र भट्टी झाली. वहिनीच्या मानेवर घामोळं उठलं. ती ओला टॉवेल डोक्यावर टाकून भाकऱ्या भाजायला लागली. आधी ती कामाच्या तंद्रीत मोठ्याने बडबडायची, दुधाला शिव्या घालायची, चमच्यांशी भांडायची, आम्हाला चौकात ऐकू यायचं आणि करमणूक व्हायची. ते बंद झालं. एके दिवशी मी चहा मागायला गेले तर ती ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसलेली, हातात डाव, डोळे मिटलेले.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही बाई. जरा गरगरलं."

मी तिला पाणी दिलं, टॉवेलने वारा घातला. ती म्हणाली, "किती करता हो तुम्ही." हातभर अंतरावर ते दार होतं. मी ते उघडलं नाही.

तक्रारी चालूच राहिल्या, तेव्हा सेक्रेटरींनी गुंड्याला बोलावलं. रविवारी दुपारी तो गाडीतून उतरून थेट हॉलमध्ये आला, माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याच्या पाठीत हलकेच धपाटा घातला. सगळं नेहमीसारखं. सगळे जमले होते. सिस्टर खुर्चीत, मांडीवर तिचा दम्याचा पंप. वहिनी दाराशी उभी.

गुंड्या स्वयंपाकघरात डोकावून आला तो चिडूनच. "अहो, दार बंद! सगळी हवा त्या दाराने बाहेर पडायची आहे, आणि तेच बंद! नाक दाबून धरायचं आणि वर म्हणायचं श्वास येत नाही! कोणी केलं हे?"

सेक्रेटरी वहिनीकडे वळले. "वहिनी, पाटी वाचता येते ना?"

"येते. पण मला भूगोलबाईंनी सांगितलं, बंद ठेव म्हणून."

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे फिरल्या. गुंड्या तर हसलाच. "आत्या? आत्या कशाला सांगेल असं?"

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य. मी तोंड उघडलं, आणि त्यातून जे आलं ते असं:

"मी कशाला सांगू? मला स्वयंपाकघरातलं काय कळतं?"

हशा पिकला. माझ्या हातचा चहा एकदा प्यायलेला माणूस पुन्हा मागत नाही, ही इथली नेहमीची थट्टा आहे. सगळे हसले. वहिनी हसली नाही, चिडलीही नाही. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. आपण ओळखीच्या माणसाला रस्त्यात हाक मारावी आणि तो भलताच निघावा, तेव्हा जसं बघतो तसं.

"हे बरं नाही वहिनी," सेक्रेटरी म्हणाले. "सूचना पाळायची नाही, वर ज्येष्ठ माणसाचं नाव घ्यायचं. या महिन्यानंतर आम्ही दुसरं कुणी बघतो. खोली तेवढी रिकामी करा."

वहिनीने कोरडेच असलेले हात एप्रनला पुसले. "बरं," ती म्हणाली.

मी तरीही बसून राहिले. चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते, आणि मनात म्हणत होते, आता हा विषय संपू दे, नंतर मी सेक्रेटरींना एकटं गाठून सांगेन काहीतरी. पण गुंड्या हाडाचा मास्तर. त्याला दाखवल्याशिवाय चैन कुठलं!

"चला, आता सगळ्यांना दाखवतोच," तो म्हणाला. "दार उघडलं की काय होतं ते बघा."

"जाऊ दे रे, गुंड्या," मी म्हटलं. "दमला असशील. चहा घे आधी."

"पटकन होईल, आत्या."

त्याने खिशातून दोऱ्याची रीळ काढली. वाढपाच्या खिडकीला, चौकातल्या खांबांना, आमच्या खोल्यांच्या खिडक्यांना दोऱ्याचे तुकडे बांधले. लहानपणी पतंगाला बांधायचा तसा, जीभ दातात धरून. वहिनीला म्हणाला, कढई ठेवा, तेल तापवा, मिरची टाका. वहिनीने निमूटपणे सगळं केलं. आम्ही सगळे चौकात उभे. दुपार टळली होती. गुंड्याने जाऊन मागच्या दाराची कडी काढली.

दार भिंतीवर आपटल्याचा आवाज झाला. वाढपाच्या खिडकीवरचा दोरा चौकाच्या दिशेने ताठ उभा राहिला, मग खांबांवरचे, मग आमच्या खिडक्यांवरचे, सगळे एकाच बाजूला, पूर्वेला. त्यांच्या मागून मिरचीचा लोट आला. लोक तोंडावर रुमाल धरून पळाले. सिस्टर वाकली, पंप तोंडाला लावला, खोकल्याने तिचा चेहरा काळानिळा पडला. मी तिला धरून तिच्या खोलीच्या मागच्या खिडकीशी नेलं, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "बंद करा ते दार!"

धूर निवळल्यावर मी चौकात आले तेव्हा गुंड्या तिथेच उभा होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, मिरचीचंच असेल. एक तुटका दोरा त्याने बोटांत धरला होता आणि तो कुठे उडतोय ते बघत होता. मग त्याने आकाशात सूर्य कुठे आहे ते बघितलं. मग हॉलच्या उघड्या दारातून त्या चित्राकडे.

"आत्या," तो म्हणाला, "पश्चिमेचा वारा म्हणजे कुठला गं?"

दप्तर घेऊन माझ्यासमोर बसायचा तेव्हाचा आवाज होता तो.

"पश्चिमेकडून येणारा," मी म्हटलं.

"मला वाटलं पश्चिमेकडे जाणारा." तो हळूहळू बोलत होता. "स्टेशनचा रस्ता म्हणजे स्टेशनकडे जाणारा. तसा पश्चिमेचा वारा. तू फोनवर म्हणालीस आणि मी तसाच बाण टाकला. सगळा हिशेब त्याच्यावर केला. अगं, पाठ होतं मला हे शाळेत!"

"म्हणजे सगळं उलटं बांधलंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हो. माझी चूक आहे," गुंड्या म्हणाला. "माझ्या एकट्याची. मी तपासायला हवं होतं. एकदा येऊन नुसता रुमाल हवेत धरला असता तरी कळलं असतं. पण..." तो माझ्याकडे वळून केविलवाणं हसला. "भूगोलबाईंनी सांगितलेलं कोण तपासतं?"

चूक त्याने पदरात घेतली होती. मला काही बोलायची गरजच उरली नव्हती. लोकांनी म्हटलं असतं, बिचाऱ्या बाई, भाच्यामुळे मान खाली गेली. मी तशीही सुटले असते. दाराशी वहिनी उभी होती, मानेवर ते लाल घामोळं, आणि ती आता माझ्याकडे बघतही नव्हती. ती कढईकडे बघत होती, मिरची करपत होती म्हणून.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी वर्गातला आवाज काढला. "मला माहीत होतं! बाण उलटे आहेत हे मला दिसलं होतं. आणि दार मीच बंद करायला लावलं. वहिनी खरं बोलत होती. मी खोटं बोलले."

पळालेले लोक पुन्हा चौकात आले. वर्गात पोरं अशी गोळा व्हायला मला छडी आपटावी लागायची.

"कधी दिसलं?" गुंड्याने विचारलं.

"पडदा काढला तेव्हाच."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या, काहीतरी आठवत असल्यासारख्या. "पडदा काढला तेव्हा तू मला शाब्बास म्हणालीस."

"हो."

"कानात म्हणालीस."

"हो रे."

त्याचा हात शर्टाच्या वरच्या गुंडीकडे गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं आता चिडेल, ओरडेल. ओरडला असता तर मी उलट ओरडले असते, आमचं ते जुनं आहे, त्यातून आम्ही बाहेर आलो असतो. तो म्हणाला, "तू माझी एका मार्काची चूकसुद्धा सोडायची नाहीस गं." आणि हॉलमध्ये गेला. खुर्चीवर चढून त्याने चित्र काढलं, भिंतीला तोंड करून खाली ठेवलं, आणि सेक्रेटरींशी कामाचं बोलायला लागला. तूर्त दार बंदच ठेवायचं, छपरापर्यंत धुराडं चढवायचं, धूर ओढणारा पंखा बसवायचा, दमा असलेल्यांना स्वयंपाकघराच्या अंगाला, जिकडे धूर जात नाही तिकडच्या खोल्या द्यायच्या, आणि तो सगळा हिशेब बरोबर दिशेने पुन्हा करून आणणार. वहिनीला कामावरून काढायचं नाही, हे त्यानेच आधी सांगून टाकलं. निघताना तो माझ्या पाया पडला. मी हात उचलला, पण धपाटा घालायचं धाडस झालं नाही.

सिस्टर तिच्या खोलीतून सगळं ऐकत होती. मी तिच्या दाराशी गेले. ती पलंगावर टेकून बसली होती, अजून धाप लागलेली.

"सिस्टर..."

"नंतर," ती म्हणाली. "आत्ता बोलायला दम नाही माझ्यात." तिची एरवीची जीभ कुठे गेली कोण जाणे. शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या.

मग मी स्वयंपाकघरात गेले. एवढ्या माणसांसमोर बोलताना वाटली नव्हती इतकी लाज मला तो चौक ओलांडताना वाटली. वहिनी जळकी कढई घासत होती. दार बंद, तीच भट्टी. बाजूला कोबीचे गड्डे पडले होते, रात्रीच्या जेवणाचे. मी काय बोलायचं ते येताना घोकून आले होते, त्यातलं काही आठवेना.

"वहिनी, माझं फार चुकलं गं."

"असू दे, बाई."

"असू दे कसं? तुझं घर जात होतं आणि मी बसून राहिले. मला माझीच लाज वाटते."

ती घासत राहिली. तिचे हात खांद्यापर्यंत घामाने चमकत होते. मला काहीतरी करायचं होतं, काहीही. ओट्यावर सुरी होती, मी ती उचलली.

"पंखा बसेपर्यंत मी रोज येते मदतीला. भाजी चिरून देते, लसूण सोलते. तू जरा चौकात वाऱ्याला बसत जा. एवढं करू दे मला."

वहिनीने हात धुतले, पुसले. माझ्या हातातून सुरी घेतली, हळूच, लहान मुलाच्या हातातून घ्यावी तशी. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. अगदी साधेपणाने, खरंच माझी काळजी असल्यासारखी म्हणाली,

"नको हो, बाई. तुम्हाला स्वयंपाकघरातलं काय कळतं?"

आणि कोबीचा गड्डा पुढे ओढून ती चिरायला लागली.